समासातलं लिखाण

दुपारी माळा आवरताना शाळेतली एक वही हाती लागली. विषय पाहायच्या आधी नजर समासाकडे गेली. लाल रेघेच्या डावीकडे माझं खरं लिखाण: एक मिशीवाला उंदीर, फुलीगोळ्याचे दोन अर्धवट डाव, आणि तारीख टाकून बारीक अक्षरात, 'उद्या पोट दुखणार आहे.' त्याखाली बाईंचा शेरा: 'समास मोकळा सोडावा.'

समासांनी मला फार छळलं. वहीतल्या समासात लिहायचं नाही आणि व्याकरणातला सोडवल्याशिवाय सुटका नाही. 'विग्रह करा' म्हटलं की मी जिथे दिसेल तिथे शब्द मोडायचो.

म्हणूनच पीटर मेरहोल्झ नावाच्या माणसाबद्दल मला उगाच जिव्हाळा वाटतो. इंटरनेटवर भटकताना सापडलेल्या दुव्यांची रोजची नोंद ठेवणाऱ्या जॉर्न बार्गरने डिसेंबर १९९७ मध्ये त्या नोंदींना 'वेबलॉग' म्हटलं. सरळ तत्पुरुष, वेबचा लॉग. १९९९ मध्ये या मेरहोल्झने स्वतःच्या साइटवर, मुख्य मजकुरात नव्हे, कडेच्या रकान्यात जाहीर केलं की आपण हा शब्द 'वी ब्लॉग' असा उच्चारणार. समासात बसून समास सोडवला, आणि तोही धडधडीत चुकीचा! 'वेब'चा बिचारा 'ब' ओढून 'लॉग'ला चिकटवला. बाईंनी भोपळा दिला असता. पुढचं 'वी'ही त्यानेच थोडक्यात म्हणून टाकून दिलं, आणि जगाने मात्र उरलेला तुकडा उचलला. 'ब्लॉग' म्हणताना ओकारीचा आवाज येतो, म्हणून शब्द आवडतो, असंही त्याने पुढे सांगितलं. खरंच, एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

त्याआधीही लोक लिहीत होतेच. जस्टिन हॉल हा कॉलेजातला पोरगा १९९४ पासून स्वतःबद्दल वाटेल ते लिहून वेबवर टाकत होता. वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलचे टॅग हाताने टाईप करून. १९९९ च्या ऑगस्टमध्ये ब्लॉगर नावाचं ब्लॉग लिहायचं साधन आलं, तेव्हा चौकोनात मजकूर लिहून एक बटण दाबलं की झालं. मग काय, सगळ्यांचेच समास भरले. शेरा मारायला बाई नव्हत्या. वाचणारे होते, ते बाईंपेक्षा वाईट.

वही पुन्हा चाळली. पोट दुखलं का, शाळा बुडाली का, कुठेच नोंद नाही. पुढच्या पानावर थेट लसावि.