एका ‘शुभ सकाळ’चे ७५ रुपये

सासूबाई म्युनिकला नणंदेकडे २६ दिवस राहून कोथरूडला सुखरूप परतल्या. बॅगेतून चॉकलेटं निघाली, माझ्यासाठी एक चाळणी निघाली (का, ते विचारू नका), आणि बारा दिवसांनी त्यांच्या मोबाइलचं बिल आलं: २३ हजार ४३४ रुपये. एरवी येतं ४७१.

खरं तर ते आम्हाला न कळताच भरलं गेलं असतं, कारण बिल माझ्या क्रेडिट कार्डावरून आपोआप कापलं जातं. पण १५ हजारांच्या वरची रक्कम ओटीपीशिवाय कापता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ओटीपी आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. रक्कम बघून गॅस बंद केला.

नवरा म्हणाला, “भरून टाकू, कटकट नको.” त्यावर सासूबाई कडाडल्या. “भरून टाकू म्हणजे? मी बिंदुमाधव जोशींची व्याख्यानं ऐकलेली बाई आहे!” जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासूनचं हे वारं. वय ७८, पण आजही टिळक रोडच्या ग्राहक पेठेतून आणलेल्या सामानाची यादी पावतीशी ताडून बघितल्याशिवाय डबे भरले जात नाहीत.

मग मी तपशीलवार बिल मागवलं. पतपेढीत २२ वर्षं काढली आहेत, आकड्यांना घाबरत नाही. जर्मनीतल्या वापराचा एक पैसाही लागला नव्हता, तिथला पॅक आम्ही आधीच घेतला होता. सगळा घोळ एकाच ओळीत होता. दुबई ते म्युनिक प्रवासाची तारीख, देशाच्या रकान्यात कुठल्याच देशाचं नाव नाही, ३८ एमबी डेटा, दर १० केबीला ५ रुपये. म्हणजे १९,४६० रुपये, वर १८ टक्के जीएसटी.

“आई, विमानात फोन वापरला होता का?”

“छे गं. वेळ बघायला दोन-तीनदा काढला. घड्याळ मोठ्या बॅगेत गेलं होतं ना!”

फोन फ्लाइट मोडवर नव्हता. काही विमानांत स्वतःचा छोटा मोबाइल टॉवर असतो. विमान साधारण तीन हजार मीटरच्या वर गेलं की तो सुरू होतो आणि उपग्रहामार्फत जोडून देतो. रोमिंग चालू असलेला फोन त्याला आपसूक चिकटतो. आणि देशांसाठी घेतलेल्या पॅकमध्ये विमान किंवा जहाज धरलेलं असेलच असं नाही. आमच्यात नव्हतंच.

बरं, एरवी व्हॉट्सॲप रोमिंगमध्ये फोटो आपोआप उतरवत नाही. पण आजीला तिकडे सगळ्यांचे फोटो दिसावेत म्हणून आमच्या चिरंजीवांनी मुंबई विमानतळावर ती सेटिंग प्रेमाने बदलून दिली होती. सासूबाईंच्या भिशीच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाब, गणपती आणि उगवता सूर्य येतो. दीडशे केबीचा एक गुलाब म्हणजे १५ गुणिले ५, ७५ रुपये. कर वेगळा.

तेव्हा चूक थोडी आमचीही होती, हे मी तक्रारीत लपवलं नाही. “आम्ही वापरलंच नाही” असं म्हटलं असतं तर कंपनीने नोंदी दाखवून तोंड बंद केलं असतं. मी एवढंच विचारलं की या नंबरची क्रेडिट लिमिट, म्हणजे महिन्याच्या उधार वापराची मर्यादा, तुम्हीच २,००० ठेवली आहे. तिच्या ८० टक्क्यांवर वापर गेला की ग्राहकाला कळवायचं, हा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, जुना नियम आहे. तो मेसेज कुठे आहे?

कंपनीच्या तक्रारींच्या १९८ नंबरवर फोन करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतला. तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, नुसतं “मॅडम, नोट केलंय” पुढे कुणी ओळखत नाही. शिवाय वाद नसलेले ४७१ रुपये लगेच भरले, म्हणजे पैसे बुडवतोय असं कुणी म्हणायला नको. तरी मधेच आउटगोइंग बंद झालं. सासूबाई तीन दिवस लँडलाइनवरून साऱ्या भिशीला कंपनीची कर्मकहाणी ऐकवत होत्या.

आठवड्याने उत्तर आलं: ‘शुल्क योग्य आहे.’ नोंदी परदेशातून उशिरा येतात म्हणून मेसेज गेला नाही, असं फोनवरच्या मुलाने सांगितलं. बिचारा समोरचा कागद वाचत होता. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे पुढची पायरी कंपनीचंच अपील प्राधिकरण. त्याला पैसे पडत नाहीत, निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. अर्जात मी लिहिलं की नोंद उशिरा येते ही तुमची अडचण, तिची किंमत ग्राहकाने का मोजायची? शेवटी हेही जोडलं की मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या वाक्याखाली सासूबाईंनी पेनने दुहेरी रेघ मारायला लावली.

३१व्या दिवशी मेल आला. १९,४६० रद्द. त्याऐवजी विमानातल्या एका दिवसाच्या पॅकचे ८९५ अधिक कर, म्हणजे १,०५६ रुपये १० पैसे. मला हे पटलं. सासूबाईंना अजून पटलेलं नाही, “न मागितलेला पॅक” म्हणतात. तरी कर्वे रोडवरच्या दुकानात स्वतः जाऊन रोख भरले, शिक्का मारून पावती घेतली, आणि काउंटरवरच्या मुलीला चॉकलेट दिलं.


मे महिन्यात पुन्हा जायचं ठरतंय. त्यांनी पासपोर्टच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवली आहे: ‘१. विमानाचं चित्र दाबणे. २. घड्याळ हातात.’