गेंड्या आणि सोंड्या: डब्यांतली खबर

माडावर पडणारे गेंड्या आणि सोंड्या हे दोन भुंगे मी निरीक्षणासाठी घरी डब्यांत वाढवतोय. गेंड्या भुंग्याच्या अळ्या आता अंगठ्याहून जाड झाल्यात. त्यांचे लाड सोपे: कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट, आणि ओल इतकीच की मूठ दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. वर साठलेल्या लेंड्या चाळून नवं खत भरायचं, झालं. मात्र अळीची अवस्थाच चार ते सहा महिन्यांची, त्यामुळे उतावळ्यांनी या वाटेला जाऊ नये. एखादी अळी कडक होऊन आधी पांढऱ्या, मग हिरव्या बुरशीने माखली तर ती मेटारायझियम, म्हणजे किडे मारणारी बुरशी. गेंड्याच्या अळ्या मराव्यात म्हणून नारळ बागायतदार तीच मुद्दाम उकिरड्यात सोडतात. आपण मात्र अळी तडक बाहेर काढून सगळं खत बदलायचं.

सोंड्या, म्हणजे सोंडेवाला भुंगा, त्याचं सगळंच उलटं. त्याची अळी बिनपायाची, वाढते ती थेट माडाच्या खोडात. घरात खोड कुठून आणणार? म्हणून उसाची कांडी. भोक पाडून एका कांड्यात एकच अळी सोडायची, कारण दाटीवाटीत त्या एकमेकींना चावतात. कांडं कानाशी धरलं की कुरतडल्याचा आवाज येतो, आणि तो ऐकायला मिळावा म्हणून मी आंबलेल्या उसाचा वास सहन करतोय. घरच्यांचं मत वेगळं आहे. पहिली अळी उसाचे तंतू अंगाभोवती गुंडाळून कोषात गेली आहे.

दोघांची गाठ पडते ती माडावर. गेंड्या प्रौढ झाला की शेणखत सोडून शेंड्यात शिरतो, कोवळा गाभा चावून रस पितो आणि चोथा भोकाबाहेर ढकलतो. झावळी उघडते तेव्हा कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसतात. त्याच जखमेच्या वासावर सोंड्याची मादी येऊन अंडी घालते. म्हणजे माडाला भोक पाडतो गेंड्या, आणि झाड आतून पोखरून मारते ती दुसऱ्याचीच अळी.

नर-मादी ओळखताना गेंड्याच्या शिंगावर विसंबू नका, खुजट नराचं शिंगही आखूड असतं. मादीच्या पोटाच्या टोकाला तांबूस केसांचा झुपका असतो, तो बघा. सोंड्यात केस नराला, तेही सोंडेवर.

दोन्ही डब्यांना धातूची जाळी लावली आहे. शेजारी माडांची वाडी आहे, तेव्हा निरीक्षण संपलं की प्रौढ भुंगे बाहेर न सोडता फ्रीजरमध्ये जातील आणि तिथून टाचणीवर.