शिकागो ते ओमाहा: ट्रक स्टॉप शहरात शोधू नका

घर हलवायचं होतं. शिकागोहून ओमाहा, आय-८० या इंटरस्टेट महामार्गावरून (राज्याराज्यांना जोडणारा मोठा रस्ता) साधारण पावणेपाचशे मैल. सव्वीस फुटी ट्रक भाड्याने घेतला (साधं कारचं लायसन्स चालतं). मी ट्रकमध्ये, बायको मागून कारने. डिझेल कुठे भरायचं, रात्री थांबायचं कुठे, काही ठरवलं नव्हतं. शहरं लागतीलच की वाटेत, म्हटलं.

मिसिसिपी नदी ओलांडली, आयोवा राज्यातलं डॅव्हनपोर्ट आलं. फोनवर स्वस्त डिझेल दिसलं म्हणून २९५ नंबरच्या एक्झिटने (महामार्गावरून बाहेर पडायचा फाटा) शहराकडे वळलो. पंपाच्या छपरावर पाटी: १२ फूट. आमच्या ट्रकच्या काचेवरचा कागद सांगत होता १३. मागे चार गाड्या खोळंबलेल्या, बायको रस्त्यात उतरून हातवारे करतेय आणि मला आरशात फक्त तिचा एक हात दिसतोय. वीस मिनिटं रिव्हर्स मारत बाहेर निघालो, डिझेल न भरताच.

आणि तिथून अकरा मैलांवर, २८४ नंबरला, वॉलकॉट! इथला १९६४ पासूनचा ट्रक स्टॉप (ट्रकवाल्यांसाठी डिझेल, पार्किंग आणि जेवण एकाच जागी) स्वतःला जगातला सगळ्यात मोठा म्हणवतो. सुमारे ९०० ट्रक उभे राहतात, आत न्हावी आहे, दातांचा डॉक्टरसुद्धा आहे. गाव मात्र चिमुकलं. (अकरा मैल कसे कळले? इथे एक्झिटचे नंबर राज्याच्या पश्चिम सीमेपासूनचे मैल असतात. वजाबाकी करा, झालं.)

हे असं गावाबाहेर का, तर जागा. एवढे ट्रक वळवायला एकरच्या एकर जमीन लागते आणि ती शहरात परवडत नाही. दुसरं कारण कायद्याचं. इंटरस्टेटच्या हद्दीत सरकारी रेस्ट एरियाला पेट्रोल पंप किंवा हॉटेल चालवायला बंदी आहे. १९६० च्या आधीपासूनचे काही टोल रस्ते तेवढे सुटले. त्यामुळे रेस्ट एरियात टॉयलेट, पार्किंग आणि व्हेंडिंग मशीन, बाकी सगळा धंदा एक्झिटवर. त्यातही शहराच्या वळणरस्त्याच्या जरा अलीकडे-पलीकडे. डॅव्हनपोर्टचा वळणरस्ता २९० ला फुटतो, वॉलकॉट २८४ ला. डे मॉइनला दोन इंटरस्टेट १३७ ला मिळतात, ट्रक स्टॉप अल्टूनाला, १४२ वर. एकदा हे लक्षात आलं की नकाशा बघूनच अंदाज बांधता येतो.

संध्याकाळी साडेसहाला वॉलकॉटला पोचलो तर पार्किंगच्या रांगा भरत आलेल्या. मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरला १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं, मग सलग १० तास विश्रांती, आणि या तासांची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवतं. सकाळी शहरात माल उतरवायचा असणारेही इथेच मुक्काम टाकतात. म्हणून मोठ्या शहराच्या तासाभराच्या टापूतल्या जागा आधी भरतात. आपल्यासारख्या भाड्याच्या ट्रकवाल्यांनी त्या लांब जागा अडवू नयेत, असं माझं स्पष्ट मत. मोठ्या ट्रकवाल्यांना दुसरीकडे जाताच येत नाही, आपल्याला येतं. आम्ही मोटेलमध्ये झोपलो, ट्रक आवाराच्या कडेला लावला. रात्रभर फ्रीजवाल्या ट्रेलरची घरघर ऐकू येत होती. कापसाचे बोळे जवळ ठेवा.

डिझेल भरण्याबद्दल: मोठ्या ट्रकच्या बाजूचं नोझल जाड असतं, धारही जोरात येते. तुमच्या टाकीच्या तोंडात बसेल का ते आधी बघा, नाहीतर कारच्या बाजूचा डिझेल पंप शोधा. पण तिकडच्या छपराची उंची वाचूनच आत शिरा. भरून झालं की ट्रक पुढे काढा आणि मग आत जा. पंपावर ट्रक सोडून कॉफी आणायला गेलात तर मागचा हॉर्न पुरेसं सांगेल.

दुसऱ्या दिवशी अल्टूनाला टाकी भरली आणि डे मॉइन न थांबता पार केलं. ट्रक परत देताना काटा होता तिथे हवा असतो, तेव्हा शेवटचं डिझेलही आधीच ठरवा. ओमाहाच्या पश्चिमेला जाणार असाल तर नेब्रास्कातलं ४४० नंबरचं एक्झिट सोयीचं. पूर्वेला जाणार असाल तर मिझुरी नदीच्या अलीकडे, काउन्सिल ब्लफ्सलाच भरून घ्या.