आमची वाटचाल : लस न विकणारी लॅब

कोंबड्यांचं रक्त तपासणारी नाशिकमधली आमची लॅब 2001 साली सुरू झाली. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्रात एमव्हीएससी करताना मी कोंबड्यांच्या मानमोडीच्या, म्हणजे राणीखेत रोगाच्या विषाणूवर काम केलं होतं. ते काम प्रबंधात पडून राहू नये, शेडपर्यंत पोचावं, ही पहिल्यापासूनची ओढ. भागीदार माझा वर्गमित्र. त्याने इन्क्युबेटर आणि सेंट्रिफ्यूज घेतला, मी जागेचं डिपॉझिट भरलं. एक गोष्ट तेव्हाच ठरली : लस विकायची नाही. ज्याने लस विकली त्यानेच ती लागू पडली की नाही याचा दाखला द्यायचा, हे आम्हा दोघांनाही पटत नव्हतं.

एचआय तपासणी, म्हणजे लशीनंतर रक्तात प्रतिपिंडं किती तयार झाली हे मोजणं, आजही मी स्वतः वाचतो. 96 खळग्यांची प्लेट, त्यात सीरमचं दुपटीदुपटीने पातळीकरण, मग ठरलेल्या ताकदीचं (4 एचए युनिट) अँटीजेन, म्हणजे विषाणूचं द्रावण, अर्ध्या तासाने कोंबडीच्या लाल पेशींचं एक टक्का द्रावण. प्लेट तिरकी धरायची. प्रतिपिंडं असतील तर तळाशी बसलेला लाल ठिपका अश्रूसारखा ओघळतो. नसतील तर पेशी तळभर जाळीसारख्या पसरून राहतात. पेशी मात्र ताज्या हव्यात. शिळ्या पेशींवर वाचलेला आकडा मी आजवर कुणाच्या हातात दिलेला नाही.

मग आला फेब्रुवारी 2006. नवापूरच्या कोंबड्यांत एच5एन1 असल्याचं भोपाळच्या अतिसुरक्षा प्रयोगशाळेने सांगितलं. भारतातला हा पहिलाच बर्ड फ्लू. बाधित फार्मभोवतीच्या 3 किलोमीटर पट्ट्यात लाखोंनी पक्षी मारून पुरले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही तेच. नीट शिजवलेल्या चिकनमधून हा विषाणू लागत नाही, 70 अंशाला तो मरतो, हे सगळे सांगत होते. पण कुणी ऐकेना. ब्रॉयलरचा दर खाद्याच्या खर्चाच्याही खाली गेला. ज्याचं शेड रिकामं, तो रक्त कशाचं तपासणार?

तेवढंच असतं तर सोसलं असतं. पण लस विकणाऱ्या एका कंपनीची माणसं फार्मोफार्म सांगत फिरली की त्या लॅबमध्ये बर्ड फ्लूचे नमुने येतात, तिथे जाऊन आलेली गाडी आत घेऊ नका. धादांत खोटं. संशयित मेलेले पक्षी सरकारी पशुवैद्यकामार्फत पुण्यात औंधला आणि तिथून भोपाळला जात. खासगी लॅबने त्यांना हात लावायचाच नाही असा नियम आणि आम्ही तो अक्षरशः पाळला. सोबत त्या कंपनीचं आमिषही होतं : आमची लस घ्या, तपासणी फुकट. जागेच्या मालकाने गाळा खाली करायला सांगितलं. भागीदार नोकरीला निघून गेला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या घरी दोन लहान मुलं होती. त्या कंपनीवर मात्र आहे, आणि तो जायचा नाही.

त्या दिवसांत सिन्नरकडचे अण्णा तेवढे येत राहिले. अंड्यावरच्या कोंबड्यांचे फार्म त्यांचे. थर्मासमध्ये रक्ताच्या नळ्या, प्रत्येकीवर शेडचा आणि रांगेचा नंबर. एका लॉटमध्ये आरटूबी ही राणीखेतची लस टोचल्यानंतरही निम्म्या पक्ष्यांची प्रतिपिंडांची पातळी 7, म्हणजे चांगली, आणि उरलेल्यांची 2, म्हणजे अगदी कमी आली. 2 वाले सगळे मागच्या भिंतीकडच्या दोन रांगांतले. लस टोचणाऱ्यांनी अंधार पडताच त्या रांगा सोडल्या होत्या. अण्णांनी अंड्यावर येण्याआधी तेवढ्या पक्ष्यांना पुन्हा टोचून घेतलं आणि जाताना वर्षभराच्या तपासणीचे पैसे आगाऊ ठेवले. म्हणाले, “डॉक्टर, फुकटवाल्याने मला या दोन रांगा दाखवल्या नसत्या.” त्या पैशांतून नव्या गाळ्याचं भाडं भरलं.

पुढची वर्षं कामात गेली. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मात्र आमचा एकही गिऱ्हाईक हलला नाही.

नवीन फार्मवाल्यांना सांगतो : रक्त काढल्यावर नळी लगेच बर्फात घालू नका. आडवी ठेवा, गोठू द्या, सीरम सुटू द्या, मग थंड करा. नाहीतर पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. लस पाण्यातून द्यायची असेल तर क्लोरीन आधी बंद करा आणि पाण्यात साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. आणि नमुने निवडताना दाराजवळचे पक्षी पकडून मोकळे होऊ नका, कोपऱ्यातलेही घ्या.

आता अण्णांचा मुलगा नमुने पाठवतो. आरटी-पीसीआर मशीन घेतलंय, त्याचे हप्ते चालू आहेत. त्याच कंपनीचा इथला माणूस हल्ली फोन करून आमच्या अहवालांच्या प्रती मागतो, कारण फार्मवाले फुकटच्या कागदावर विश्वास ठेवत नाहीत. फार्मच्या मालकाने स्वतः फोन करून होकार दिल्याशिवाय आम्ही प्रत देत नाही. आतापर्यंत एकानेही दिलेला नाही.