रायफल कंपनी ते मोर्टार प्लाटून : पलटणीतली माझी घडण

बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये कसम परेड झाली की रंगरूटाचा सैनिक होतो. पलटणीच्या कामाचा जवान मात्र पुढे कंपनीतच घडतो. भरतीच्या तयारीवर आपल्याकडे खूप बोललं जातं. पलटणीत हजर झाल्यावर काय शिकावं लागतं, हे गावातल्या पोरांना कुणी सांगत नाही. म्हणून लिहितोय.

इन्फंट्री बटालियनमध्ये, म्हणजे पलटणीत, चार रायफल कंपन्या असतात: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. त्यांच्या जोडीला सपोर्ट कंपनी आणि हेडक्वार्टर कंपनी. रायफल कंपनीत तीन प्लाटून, प्लाटूनमध्ये तीन सेक्शन, सेक्शनमध्ये साधारण दहा जण. प्लाटूनचे नंबर पलटणीभर सलग चालतात. अल्फाकडे एक ते तीन, ब्राव्होकडे चार ते सहा, असं करत डेल्टाकडे दहा ते बारा. मला चार्लीची आठ नंबर प्लाटून मिळाली, आणि तेव्हापासून "कुठला रे तू?" या प्रश्नाला गावाआधी कंपनीचं नाव तोंडात येऊ लागलं.

सेंटरमध्ये उस्ताद तुम्हाला एकेकटं तयार करतात. ड्रिल, फायरिंग, पीटी, सगळं स्वतःचं. कंपनीत आल्यावर तुमची किंमत शेजारच्या जवानावरून ठरते. मी एलएमजीचा, म्हणजे लाईट मशीनगनचा, नंबर दोन होतो. भरलेल्या मॅगझिन वागवायच्या, नंबर एकने हात मागे केला की त्या हातात मॅगझिन पडलीच पाहिजे, आणि गोळी कुठे लागतेय ते त्याला सांगत राहायचं. आपला एलएमजी ग्रुप फायर देतो तेवढ्या वेळात रायफल ग्रुप पुढे सरकतो. मग ते फायर देतात आणि आपण उठतो. दौडो, लेटो, रेंगो, देखो, फायर करो. ऐकायला सोपं आहे. काळोखात, चढावर, पाठीवर वजन घेऊन, फायर एक क्षणही बंद पडू न देता हे करायला जे लागतं ते रोजच्या सरावातूनच येतं. आमचे सेक्शन कमांडर हवालदार एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. तेव्हा जीव मेटाकुटीला यायचा, पण माझं सगळं सैनिकी शिक्षण त्या माळावर झालं असं मी मानतो.

कंपनीत छोटं काम नसतं, हे आम्हाला नामदेव जाधवांच्या हकिकतीतून कळलं होतं. एप्रिल 1945 मध्ये इटलीतल्या सेनियो नदीवर ते कंपनी रनर होते, म्हणजे निरोप पोचवणारे. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी गोळीबारातून सुरक्षित जागी नेलं, शत्रूच्या मशीनगन चौक्या एकट्याने गप्प केल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करत बाकीच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या कंपनीचा रनर ही गोष्ट फार मनापासून सांगायचा.

पुढे मोर्टार कॅडरसाठी, म्हणजे उखळी तोफेच्या पलटणीतल्या प्रशिक्षणासाठी, नावं मागवली तेव्हा मी दिलं. सपोर्ट कंपनीत पलटणीची जड हत्यारं असतात, मुख्य म्हणजे 81 मिलिमीटर मोर्टार आणि रणगाडाविरोधी मिसाईल. मोर्टारचे तीन भाग: बॅरल म्हणजे नळी, बेसप्लेट म्हणजे तळाची तबकडी आणि बायपॉड म्हणजे दोन पायांचा टेकू. सगळं मिळून चाळीस किलोच्या आसपास. जिथे गाडी जात नाही तिथे हे तीन भाग तीन पाठींवर जातात, बॉम्ब वेगळे. एकेक बॉम्ब चार किलोच्या वर भरतो.

कॅडरमध्ये सर्वांत अवघड गेलं ते गणित. रायफलवाला समोर दिसेल त्यावर नेम धरतो. मोर्टारवाल्याला टार्गेट दिसतच नाही, ते डोंगराच्या पलीकडे असतं. पूर्ण वर्तुळाचे 6400 मिल्स करून कोन मोजायचे आणि अंतराप्रमाणे बॉम्बच्या शेपटीवरचे दारूचे चार्ज कमीजास्त करायचे. पहिले एक-दोन बॉम्ब उडाले की धक्क्याने बेसप्लेट मातीत रुतते, साईटमधला बुडबुडा सरकतो, तो पुन्हा मध्ये आणायचा. बॉम्ब नळीत सोडताच हात बॅरलला लागूनच खाली न्यायचा, नळीच्या तोंडावरून कधीच नाही. पल्ला लांबचा असला तर बॉम्ब पडायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तोवर सगळी डिटॅचमेंट, म्हणजे एका मोर्टारवरची टोळी, रेडिओकडे कान लावून असते.

रेडिओवर पलीकडे असतो मोर्टार फायर कंट्रोलर, एमएफसी. तो रायफल कंपनी कमांडरसोबत पुढे असतो आणि बॉम्ब कुठे पडला ते बघून दुरुस्ती देतो. एक टार्गेटच्या पुढे, एक मागे, मग अंतर निम्मं करत मधोमध. नंतर मी एमएफसीचं काम शिकलो. रायफल कंपनीत घालवलेला काळ इथे कामी आला. हल्ला करणारी कंपनी किती वेगाने चढते, कुठे दम टाकते, आपले बॉम्ब कधी थांबले पाहिजेत, हे नकाशावरून कळत नाही. फायर लवकर थांबला तर शत्रू डोकं वर काढतो, उशिरा थांबला तर आपलीच माणसं त्यात सापडतात.

हेडक्वार्टर कंपनीत मी कधी नव्हतो, पण सिग्नल प्लाटूनने लाईन टाकली नसती आणि लंगर वेळेवर पोचलं नसतं, तर वर सांगितलेलं काहीच घडलं नसतं. घातक प्लाटूनची, म्हणजे पलटणीतल्या निवडक जवानांच्या खास तुकडीची, निवड आणि कमांडो ट्रेनिंग हा वेगळा विषय आहे. ते काम केलेल्यानेच त्याबद्दल लिहावं.

आता गावातली अग्निवीर झालेली पोरं विचारतात, "दादा, कुठली कंपनी मागू?" मी सांगतो, मिळेल त्या रायफल कंपनीत आधी सेक्शनचं काम पक्कं करा, एलएमजी डोळे मिटून खोला-जोडा. मग मोर्टार, मिसाईल, सिग्नल, ज्या कॅडरचं नाव निघेल त्यासाठी हात वर करा. चार वर्षांचा हिशेब डोक्यात असेल तर पहिल्याच वर्षी करा.