पॉलिसी कुणाच्या नावावर?

आमच्याकडे गाडी एकच, होंडा जॅझ. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो आणि गाडी दारातच उभी असते. चालवते ती मीच: मुलांची शाळा, माझी फार्मसीतली नोकरी, शनिवारची स्लाउची भाजी-खरेदी. नवरा पॅडिंग्टनची ट्रेन पकडतो, त्याच्या हाती गाडी लागते ती रविवारी. मी इथली ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्यावर विम्याचे भाव काढायला बसलो. पॉलिसी त्याच्या नावावर, तो मुख्य चालक आणि मी नेम्ड ड्रायव्हर, म्हणजे पॉलिसीत नाव घातलेली जादा चालक, असं भरलं, तर साडेसहाशे पौंडांच्या आसपास. नावांची अदलाबदल केली, तर अकराशेच्या वर!

बाई म्हणून जास्त लावतात का? नाही. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ ला निकाल दिला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून विमा कंपन्यांना स्त्री-पुरुष बघून हप्ता ठरवायला बंदी झाली. ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनमध्ये ती कायम आहे. त्याआधी तर तरुण मुलींना मुलांपेक्षा स्वस्त पडायचं.

फरक पडतो तो कागदांवर काय लिहिलंय त्याने. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून फक्त बारा महिने चालतं. ते बदलून इथलं मिळत नाही, टेस्ट द्यावीच लागते. नवरा माझ्या आधी इथे आला, त्याचं लायसन्स जुनं. मी पुण्यात कर्वे रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत वर्षानुवर्षं वॅगनआर चालवलीय, पण विमा कंपनीच्या लेखी मी नवशिकी. नोकरीचा हुद्दा आणि मागच्या पाच वर्षांतले दंड-अपघात यांनीही आकडा हलतो. पण सगळ्यात जड पारडं नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं. क्लेम न करता गेलेलं प्रत्येक वर्ष जमा होतं ते ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याच्या खात्यात. नेम्ड ड्रायव्हरने वर्षभर कितीही जपून गाडी चालवली, तरी बहुतेक कंपन्या त्याला काही देत नाहीत.

आपल्याकडून आलेल्यांना हे चटकन उमगत नाही, कारण तिकडे गाडी कोण चालवतं हे कुणी विचारतच नाही. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार इंजिनाच्या सीसीवर ठरवतं. बाकीचा गाडीची किंमत, वय आणि शहर यांवर. पण बोनसचा हिशेब तिकडेही असाच आहे. २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर पोचतो, आणि तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. नवऱ्याने गाडी बायकोच्या नावावर केली, तरी बोनस त्याच्याकडेच राहतो. मालक वारला, तर मात्र वारसाला मिळू शकतो.

आम्ही भाव काढत होतो तेव्हा नवऱ्याच्या एका मित्राने सल्ला दिला, "वहिनी, कागदावर दादालाच मुख्य चालक ठेवा. सगळे तेच करतात." सगळे करत असतील, पण इथे याला 'फ्राँटिंग' म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते. अपघात झाला आणि रोज गाडी कोण चालवतं हे उघड झालं, तर कंपनी क्लेम नाकारू शकते, पॉलिसीच रद्द करू शकते. शिवाय त्यात बायकोचं आणखी एक नुकसान आहे, ते कुणी बोलत नाही. तिची सगळी वर्षं दुसऱ्याच्या नावावर जमा होत राहतात.

माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत, लेस्टरला. यजमान असेपर्यंत पॉलिसी त्यांच्या नावावर, ताई नेम्ड ड्रायव्हर. यजमान गेले. मृत्यूचा दाखला, बँक, पेन्शन हे सगळं निस्तरत असताना विम्याला फोन केला, तर पलीकडून विचारलं, "तुमचा स्वतःचा बोनस किती वर्षांचा?" एकही नाही. इतकी वर्षं दवाखाना, देऊळ, नातवंडं त्याच गाडीतून केलेली बाई, आणि हप्ता असा सांगितला की त्यांनी गाडी विकायचं ठरवलं. काही कंपन्या अशा वेळी नवऱ्याचा बोनस बायकोला देतात, पण तो मागावा लागतो आणि मागायचा असतो हे ठाऊक असावं लागतं. आम्ही दोघींनी बसून एकेका कंपनीला फोन केले, तेव्हा एकीने तो मान्य केला. गाडी राहिली.

आम्ही पहिल्या वर्षी जास्त पैसे भरले आणि पॉलिसी माझ्या नावावर घेतली. जड गेलं, पण आता बोनस माझा आहे आणि हप्ता दरवर्षी उतरत आलाय. नवरा नेम्ड ड्रायव्हर आहे. त्याचं जुनं लायसन्स जोडल्याने हप्ता एकटीच्या भावापेक्षा कमीच येतो, तेव्हा दोन्ही भाव काढून बघाच. मात्र त्याचा स्वतःचा बोनस वापरात राहिला नाही, तर साधारण दोन वर्षांनी बाद होतो. म्हणून दोन गाड्या असतील, तर एकेक पॉलिसी एकेकाच्या नावावर घ्या. बोनसचं पत्र दरवर्षी कंपनीकडून मागून घ्या, आणि त्यावर कुणाचं नाव छापलंय ते वाचा.