ओक ब्लफ्स: जिथे तंबूंची घरं झाली

वुड्स होल बंदरातून फेरीबोट सुटली की पाऊण तासात मार्थाज व्हिनयार्ड. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं बेट, उन्हाळ्यात लोक इथे समुद्रासाठी येतात आणि बहीण आणि मी पण त्यासाठीच गेलो होतो, पण ओक ब्लफ्सच्या धक्क्यावर उतरून सर्किट अव्हेन्यूवरच्या दुकानांमधून एक बोळ जातो त्यात सहज शिरलो आणि बीच राहूनच गेला.

आत एकदम शांत. झाडांची सावली, आणि खाली एकमेकांना खेटून उभी छोटी छोटी लाकडी घरं, गुलाबी, निळी, पिवळी, छपराच्या कडेला इतकी बारीक नक्षी कापलेली की लेस शिवलीये असं वाटावं. फोटो सगळेच काढत होते. माझी नजर अडकली ती दारांवर. एवढ्याशा घराला मधोमध दोन झडपांचं रुंद दार कशाला?

उत्तर तिथल्या छोट्या म्युझियममध्ये मिळालं, आणि त्यानंतर मला ती घरं वेगळीच दिसायला लागली. 1835 मध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक इथे ओकच्या राईत मोकळ्यावर प्रार्थना करायला जमले, तेव्हा होते फक्त 9 तंबू. मग दर उन्हाळ्यात गर्दी वाढत गेली. एकेका गावच्या चर्चचा एक मोठा तंबू, जशी प्रत्येक गावची दिंडी वेगळी तसं, आणि आत मधोमध पडदा लावून एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. हळूहळू कुटुंबं आपापला वेगळा तंबू ठोकायला लागली, तंबूखाली लाकडी तळ आला, आणि 1860 आणि 70 च्या दशकात कापडाच्या जागी फळ्या आल्या. जागा मात्र तंबूच्याच मापाच्या राहिल्या! म्हणून घरं इतकी अरुंद आणि इतकी जवळ जवळ. आणि ते दार म्हणजे तंबूचे दोन पडदे, बाजूला सारायचे ते. मूळ बांधणीत भिंत म्हणजे उभ्या फळ्यांचा एकच थर, आतून प्लास्टर वगैरे काही नाही, बाहेरून जी फळी दिसते तीच आतून. उन्हाळ्यापुरतं राहायचं तर तेवढं पुरे.

एकेकाळी अशी 500 च्या आसपास घरं होती, आज 300 च्या वर उरलीयेत. मधल्या गोल मैदानात 1879 चं लोखंडी प्रार्थनामंडप आहे, टॅबरनॅकल म्हणतात, चारी बाजूंनी उघडं. आम्ही बाकावर तासभर नुसते बसून होतो. 1869 पासून ऑगस्टमध्ये एका रात्री सगळ्या घरांवर कागदी कंदील लावतात, आधी या मंडपात एक पेटतो आणि मग बाकीचे. त्यासाठी परत यायचंच असं बहिणीने तिथेच ठरवून टाकलं.

पण गंमत अशी की लोक भक्तीसाठी आले आणि समुद्र बघून थांबायला लागले. 1866 च्या सुमाराला एका कंपनीने शेजारची जमीन घेऊन सुट्टीसाठी प्लॉट विकायला काढले, हॉटेलं आली, आणि प्रार्थनावाल्यांना इतका धसका बसला की त्यांनी आपल्या जागेभोवती 7 फूट उंच कुंपण घातलं. ते काही टिकलं नाही. 1880 मध्ये हे स्वतंत्र गाव झालं तेव्हा त्याचं नावच कॉटेज सिटी ठेवलं, ओक ब्लफ्स हे नाव 1907 चं.

आतल्या घरांची जमीन अजून त्या प्रार्थनावाल्यांच्या जुन्या संस्थेचीच आहे. घर तुमचं, जमीन भाडेपट्ट्याने. आधी मला हे विचित्र वाटलं, पण तंबूचं तरी काय असतं, जमीन कुठे आपली असते. पूर्वी यातली कितीतरी घरं सरळ उचलून दुसऱ्या जागी नेलेली आहेत.

दुपारनंतर चालत गावाच्या ईस्ट चॉप भागाकडे गेलो कारण मला शीअरर कॉटेज बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर नक्षीच्या घरांपेक्षा माझ्या मनात जास्त राहिलं ते हेच. चार्ल्स शीअरर व्हर्जिनियात गुलामीत जन्मले. त्यांच्या बायकोने, हेन्रिएटाने, इथे लॉन्ड्री चालवली, आणि 1912 मध्ये दोघांनी पाहुण्यांसाठी हे घर उघडलं, कारण कृष्णवर्णीय माणूस कितीही शिकलेला, कितीही पैसेवाला असला तरी त्याला दुसरीकडे खोली देत नव्हते. पुढे ओक ब्लफ्स हे कृष्णवर्णीय कुटुंबांचं उन्हाळ्याचं हक्काचं गाव झालं, लेखिका डोरोथी वेस्ट तर इथेच कायमच्या राहिल्या. घर साधं आहे, लेसवाली नक्षी नाही. आम्ही रस्त्यावरूनच बघत उभे राहिलो.

परत फेरीकडे येताना पुन्हा त्याच बोळातून आलो. संध्याकाळ झाली होती, बऱ्याच घरांची दोन्ही झडपं सताड उघडी, आतले लोक जेवायला बसलेले रस्त्यावरून सरळ दिसत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.